पहिली पायली

साकोली
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अश्वजित मामा,
सप्रेम जय भीम.

एसक्यूएल शिकायचं असेल तर पत्र लिही, व्हॉट्सॲप नको, असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून हे पत्र. याआधी मी आयुष्यात एकच पत्र लिहिलंय, दहावीच्या पेपरात, पाच गुणांसाठी. ते नालेसफाईबद्दल होतं आणि त्याला उत्तर आलं नाही. तुम्ही तेवढं करू नका.

मला इथल्या बीजघरात काम मिळालं आहे. ही संस्था चाळीस गावांतली धानाची जुनी वाणं सांभाळते. हंगाम संपला की प्रत्येक घर आपल्या एका वाणाचं थोडं बियाणं गावच्या महिला गटाकडे जमा करतं. गटातली एक बाई पायलीने मोजते, दुसरी वहीत लिहिते. धान गावच्या कोठीत राहतं, वही साकोलीला येते. आजवर इथले प्रमुख भूपेंद्र सर त्या वह्या बोटाने चाळत बसायचे. आता सगळं संगणकात आणायचं आणि एसक्यूएल या भाषेत त्याला प्रश्न विचारायचे आहेत.

पंधरा फेब्रुवारीच्या सभेत मला यादी मांडायची आहे, की कोणती वाणं अजून पिकतात आणि कोणती बंद पडली. चालू वाणाला पुढच्या वर्षी संस्थेच्या शेतावर एक वाफा मिळतो. बंद पडलेल्याचा वाफा दुसऱ्याला जातो आणि त्याचं नाव कटतं. यादी नीट झाली तर मी कायम, नाही तर फेब्रुवारीनंतर घरी.

पण खरं सांगू का, हे शिकायचं कशाला हेच मला कळत नाही. एआयला साध्या मराठीत सांगितलं की ते क्वेरी, म्हणजे तो प्रश्न, लिहून देतं, मी चहाचा घोट घेईपर्यंत. तसं सरांना म्हटलं, तर ते म्हणाले, उत्तर कोणीही आणेल, उत्तर चुकलंय हे ओळखणारं माणूस मला पाहिजे. आता उत्तर दिसतच असताना ते चुकलंय हे कसं ओळखायचं, एवढं तुम्ही सांगा.

आईने विचारलंय, मामी कशा आहेत.

तुमची भाची,
तृप्ती


पुणे
२२ नोव्हेंबर २०२४
पत्र क्र. १

प्रिय तृप्ती,
सप्रेम जय भीम.

वर क्रमांक टाकलाय, कारण टपाल मागेपुढे होतं आणि मला क्रमांक टाकायची खोड आहे. मामी ठणठणीत आहेत.

२००१ साली मी नागपूरला क्लास लावला होता. नऊ विद्यार्थी आणि एक संगणक. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं पाळी यायची, बाकीचे दिवस वहीत क्वेरी लिहायची. सर लाल पेनाने शेरा मारायचे, हे चालणार नाही. का चालणार नाही ते सांगायचे नाहीत. त्यामुळे पाळी येईपर्यंत ती क्वेरी माझ्या डोक्यात शंभरदा चालून झालेली असायची. तुझ्याकडे संगणक आहे, एआय आहे, फक्त ती वाट पाहणं नाही. ते पत्रातून मिळेल म्हणून हा उपद्व्याप.

नियम एकच. क्वेरी चालवायच्या आधी उत्तर काय येईल याचा अंदाज कागदावर लिहायचा. किती ओळी येतील, कोणती नावं येतील. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही की तिथे शिकणं सुरू होतं. एआयला विचारायला माझी बंदी नाही, पण आधी तुझा अंदाज, मग तुझी क्वेरी, मग ते. मी स्वतः ऑफिसात अजून हातानेच लिहितो आणि पोरं मला हसतात.

पहिला अभ्यास: आपल्या नातेवाइकांचं एक कोष्टक कर, नाव, गाव, वय. त्यातून दिघोरीत राहणारे साठीच्या पुढचे काढ. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, म्हणजे काय, कुठून, कोणत्या अटीवर, तीनच शब्द लागतील.

दिघोरीवरून आठवलं. बाबांना, म्हणजे तुझ्या आबाजींना, मी दर रविवारी फोन करतो. ‘बरा हाओ’ म्हणतात आणि ठेवून देतात. तीन एकर एकट्याने ओढतात. बोडीच्या तळ्याखालच्या त्या धानाच्या बांधीत ते जुनं वाण, पिवरी लुचई, अजून लावतात का कोण जाणे. उत्पन्न नाही, काही नाही, पण सोडवत नाही त्यांना. तू गेलीस तर बघून ये.

तुझा,
अश्वजित मामा


साकोली
९ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

साठीच्या पुढचे दिघोरीचे चार यायला हवे होते, पाच आले. अंदाज लिहिला होता म्हणून लक्षात आलं. पाचवी पार्वताबाई आजी. ती वर्षभरापूर्वी वारली, तिला मी कोष्टकात घ्यायला नको होतं. चूक क्वेरीची नव्हती, माझी होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, राहू दे, तेवढीच जगू दे यादीत.

आता खरी गोष्ट सांगते, हसू नका. आंबागडच्या एका शेतकऱ्याचं गाव चुकून दुसरं पडलं होतं, ते दुरुस्त करायला मी अपडेट लिहिलं आणि व्हेअर लिहायचं विसरले. एंटर दाबलं आणि चाळीस गावचे सगळे शेतकरी एका झटक्यात आंबागडला राहायला गेले. किल्ल्याखाली एवढी माणसं राजाच्या काळातही नसतील. सरांनी आदल्या दिवशीची प्रत ठेवली होती म्हणून सगळे आपापल्या गावी परत आले. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, एकदा हे झाल्याशिवाय कुणी शिकत नाही, आणि दुसऱ्यांदा झालं तर ठेवत नाही.

मामा, गंमत वाटते मला या कामाची. आधी वाटायचं की ही परकी भाषा आहे. आता वाटतं की हे नीट प्रश्न विचारणं आहे. यंत्र हुशार नाही, आज्ञाधारक आहे. जेवढं विचारलं तेवढंच सांगतं, आणि काय विचारायचं राहिलं ते सांगत नाही.

रविवारी लाखांदूरच्या बसने दिघोरीला जाऊन आले. आबाजी अजून लावतात हो पिवरी लुचई. कापलेल्या पेंड्यांचं पुंजणं छोटंसंच होतं, पण वेगळं रचलेलं. मला म्हणाले, याचा भात शिजला की शेजारच्याले कळते. या वर्षी त्यांच्याशिवाय कोणीच लावली नाही म्हणे. गटाकडे जमा करायला बियाणं निवडत बसले होते, एकेक दाणा उजेडात धरून.

तुमची,
तृप्ती


पुणे
१७ डिसेंबर २०२४
पत्र क्र. २

प्रिय तृप्ती,
सप्रेम जय भीम.

हसलो. मामींना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका कारखान्याच्या सगळ्या कामगारांना एकाच दिवशी निवृत्त केलं होतं, तेव्हा तू फार मनावर घेऊ नको. यापुढे व्हेअर आधी लिहायचं, अपडेट नंतर. आणि बदलायच्या आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट करून बघायचं की कोण कोण हाताखाली येतंय. विळा चालवायच्या आधी पेंडीत कोणाचं बोट नाही ना हे बघतात, तसं.

पुढचा अभ्यास जोडणीचा, जॉइनचा. शेतकऱ्यांचं एक कोष्टक, वाणांचं एक. कोणत्या घरी कोणतं वाण, ते काढ. मग उलट बघ, कोणतं वाण कोणाच्याच घरी नाही. हा दुसरा प्रश्न अवघड आहे. जे आहे ते दाखवणं सोपं, जे नाही ते दाखवणं कठीण. तुझ्या यादीचं सगळं गणित तिथेच आहे.

वर्षअखेरीचं काम आहे, म्हणून थोडक्यात.

तुझा,
अश्वजित मामा


साकोली
२ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

चाळीसही वह्या आल्या. हाताने भरायला दोन महिने लागले असते, म्हणून सरांना विचारून पानापानाचे फोटो काढले आणि एआयकडून वाचून घेतले. बायकांचं अक्षर ते माझ्यापेक्षा बरं वाचतं. वहीत प्रत्येक पायलीची एक ओळ असते: शेतकरी, वाण, माप क्रमांक, आणि चाळणी कशी होती त्याचा शेरा. म्हणजे कुणी पाच पायल्या दिल्या तर पाच ओळी. एकूण ३१०६ ओळी झाल्या.

अडचण अशी आहे. मापाच्या रकान्यात आकडे हवेत, पण ४१८ ओळींत आकड्याऐवजी ‘लाभ’ असा शब्द आहे. चाळीसही वह्यांत आहे, म्हणजे कुणा एकीची चूक नाही. भूपेंद्र सर नागपूरचे, त्यांना माहीत नाही. या ओळींचं काय करू? वह्या कपाटात कुलपात आहेत आणि सर आठवडाभर दौऱ्यावर आहेत. तुम्ही सांगाल तसं करते. जरा लवकर कळवा, स्पीड पोस्टने पाठवलं तरी चालेल.

तुमची,
तृप्ती


पुणे
९ जानेवारी २०२५
पत्र क्र. ३

प्रिय तृप्ती,
सप्रेम जय भीम.

तुझ्या प्रश्नाबाबत. अंकीय रकान्यात केवळ अंकीय मूल्ये असणे आवश्यक आहे. ‘लाभ’ हा शब्द शासकीय योजनेच्या लाभाशी संबंधित शेरा किंवा उपशीर्षक असण्याची शक्यता आहे. अशा नोंदी मोजणीत धरल्यास निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. सबब त्या ठिकाणी माप रिक्त ठेवावे व रिक्त मापे गणनेतून वगळावीत.

बाबांचं काय चाललंय? गेल्या रविवारी फोन उचलला, ‘हं’ म्हणाले आणि ठेवला. बहुतेक दिवाळीला आलो नाही याचा राग आहे. तू जाणार असशील तर बघ.

तुझा,
अश्वजित मामा


साकोली
२० जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. मधला मजकूर वाचून आई म्हणाली, अश्वजित तहसीलदार केव्हापासून झाला. पण सांगितलंत तसं केलं. ‘लाभ’ जिथे होतं तिथे माप रिकामं ठेवलं.

यादी झाली. एकसष्ट वाणांपैकी चौपन्न चालू, सात बंद. सरांनी ती गावोगावच्या गटांना पाठवलीसुद्धा, सभेपर्यंत कुणाची हरकत आली तर बघू म्हणाले. मला शाबासकी दिली. क्वेरी एआयने लिहिली, पण मी तिची ओळ न् ओळ समजून घेतली. तिच्यात काही चूक नाही. दोनदा तपासली, तीनदा तपासली.

तरी एक प्रश्न आहे. ओळी मोजल्या तर ३१०६ येतात आणि मापं मोजली तर २६८८. कोष्टक एकच आणि मोजणी दोन. एआयने कारण सांगितलं ते पटलं, पण चैन पडत नाही. तुम्ही सांगा.

दिघोरीला जाणं झालं नाही. आबाजी बरेच असतील. थंडीत त्यांना बोलायचा कंटाळा येतो.

तुमची,
तृप्ती


पुणे
२७ जानेवारी २०२५
पत्र क्र. ४

प्रिय तृप्ती,
सप्रेम जय भीम.

तू मला काहीतरी सांगत नाहीयेस. ‘तीनदा तपासली’ असं माणूस तेव्हाच लिहितो जेव्हा उत्तर त्याला आवडलेलं नसतं. ती सात वाणं कोणती, ते तू लिहिलं नाहीस. या यादीचा अंदाज तू आधी कागदावर लिहिला होतास का, तेही लिहिलं नाहीस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ओळी मोजताना यंत्र सगळ्या ओळी मोजतं. मापं मोजताना रिकामं माप ते सोडून देतं. रिकामं, एसक्यूएलच्या भाषेत नल, म्हणजे शून्य नाही, हे पक्कं ध्यानात ठेव. सरकारी कागदावर ‘निरंक’ लिहितात ना, तेही हे नव्हे. निरंक म्हणजे विचारलं आणि काही नाही असं कळलं. रिकामं म्हणजे आपल्याला माहीतच नाही. आणि जे माहीत नाही त्याची कशाशीच बरोबरी होत नाही, म्हणून ‘माप बरोबर नल’ असं लिहून काही सापडायचं नाही. ‘माप इज नल’ लिहावं लागतं.

अभ्यास म्हणून त्या ४१८ रिकाम्या ओळी एकेक करून बघ. संगणकावर नाही, मूळ वहीत. एआयला विचारू नको, मलाही विचारू नको.

बाबा फोन उचलत नाहीत. काल शेजारच्या जागेश्वरला लावला, तो म्हणाला तब्येत चांगली आहे, पण कोणाशी बोलून नाही राहिले. मला काळजी वाटते.

तुझा,
अश्वजित मामा


साकोली
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

सगळं सांगते, मधेच पत्र ठेवू नका.

सात बंद वाणांत एक पिवरी लुचई होती. यादीत नाव दिसलं तेव्हा मी क्वेरी पुन्हा पुन्हा तपासली. पण वाटलं, आबाजींनी या वर्षी जमा केलं नसेल, आणि आता मी माझ्याच आजोबांचं वाण आहे म्हणून यादीत हात घातला तर सर काय म्हणतील. अंदाज मी लिहिला नव्हता. लिहिला असता तर लुचई चालूमध्येच लिहिली असती, डिसेंबरात तिचं पुंजणं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आधी मी ‘माप बरोबर नल’ असंच लिहून बघितलं. एकही ओळ आली नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग तुमचं वाक्य पुन्हा वाचलं आणि ‘इज नल’ लिहिलं. ४१८ ओळी आल्या. सहज म्हणून शेतकरी किती आहेत ते मोजलं. तेही ४१८. मामा, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बरोबर एकच रिकामी ओळ होती, ना कमी ना जास्त. हा योजनेचा शेरा असता तर असा सगळ्यांना सारखा वाटलेला कसा असेल.

कपाटातून दिघोरीची वही काढली. पंचफुलाबाईंचं अक्षर आहे. प्रत्येक नावापुढे उभ्या रकान्यात लाभ, २, ३, ४, ५. पुढच्या नावापुढे पुन्हा लाभ, २, ३. एक कुठेच नाही. अख्ख्या वहीत एक हा आकडा नाही. खाली एका ओळीत आबाजींचं नाव होतं: डोमा, पिवरी लुचई, लाभ. त्याच्याखाली दुसऱ्याचं नाव.

संध्याकाळी आईला विचारलं तर ती भाकरी करता करता हसली. म्हणाली, ‘हे तुह्या मामाले विचार. खळ्यावर मापं म्हनाले तोच बसे.’ मी तिला म्हटलं, मामांना विचारूनच तर केलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दिघोरीला गेले. आबाजी अंगणात बसले होते. मला बघून उठले नाहीत. जानेवारीत यादी गावात आली तेव्हा पंचफुलाबाई त्यांची पायलीभर लुचई घेऊन त्यांच्या दारात आल्या होत्या. बंद वाण कोठीत ठेवायचं नाही असा नियम आहे, कुटून खायला मोकळं. त्यांनी ती खाल्ली नाही. गाडग्यात भरून तोंडाला फडकं बांधून ठेवली होती. दारावरून जाणाऱ्याला ते एवढंच म्हणायचे म्हणे की धान हाये पन नाई. लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमला.

मी त्यांना वही दाखवली आणि म्हटलं, आबाजी, मोजून दाखवा. त्यांनी पायली आणली, गाडगं तिच्यात ओतलं, वरून हात फिरवून सपाट केलं आणि म्हणाले, लाभ. मग थांबले. पुढे मोजायला काही नव्हतंच.

‘पयल्या मापाले एक नाई म्हनत, बाई,’ ते म्हणाले. ‘एक म्हनलं का ते एकटंच रायते. लाभ म्हनावं, मंग दोन येते, तीन येते. देवाधर्माचं नाई हे. मोजाची रीत हाये.’

मी सांगितलं की चूक माझी आहे, संगणकाला मी तसं करायला लावलं. त्यांनी पायली पुन्हा गाडग्यात ओतली. मग म्हणाले, ‘ज्याच्यापाशी धा पायल्या हायेत त्याची नऊ झाली. ज्याच्यापाशी एकच, त्याचं काहून काईच नाई रायलं?’

मामा, यंत्राला विचारलं असतं तर त्याने बरोबर उत्तर दिलं असतं. ते मला पाठ आहे, पण आबाजींना ते सांगून काय उपयोग.

मी म्हटलं, आता मी सगळीकडे लाभच्या जागी एक लिहिते, मग जुळेल. तर त्यांनी मान हलवली. ‘एक नोको लिहू. आमी एक म्हनलं नाई तं तू कायले लिहितं?’ परत येताना बसमध्ये तेच डोक्यात होतं. साकोलीला उतरल्यावर मी दोन रकाने केले. एकात जे म्हटलं ते, शब्दासकट. दुसऱ्यात जे मोजलं ते, आकड्यात. अपडेटच्या आधी सिलेक्ट करून बघितलं, व्हेअर आधी लिहिलं, आणि मापं किती येतील त्याचा अंदाजही लिहिला: ३१०६. तेवढीच आली.

पाच वाणं परत आली. पाचही अशी, की लावणारं घर एक किंवा दोन, आणि प्रत्येकाची एकच पायली. दोन मात्र खरंच गेलीत, त्यांचं धान कोणाच्याच घरी नाही.

सरांना अजून सांगितलेलं नाही. यादी चाळीस गावांत माझ्या नावाने फिरली आहे. सभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल. कदाचित त्या दिवशी माझं काम संपेल. शिकले मात्र.

एक विचारू? मी दोन जानेवारीच्या पत्रात तुम्हाला ‘लाभ’ हा शब्द लिहिला होता. तुम्हाला आठवलं कसं नाही?

तुमची,
तृप्ती


साकोली
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं उत्तर आलं नाही, तरी लिहिते.

काल सकाळीच सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला सांगून काय उपयोग, ज्यांचं वाण कापलं त्यांना सांग. मग सभेत मी उभी राहिले. म्हटलं, माझी यादी चुकली आहे, पाच वाणं जिवंत आहेत, ती मी मारली होती. कशी मारली तेही सांगितलं. मागच्या रांगेतून एका गावच्या गटाच्या अध्यक्ष रुखमाबाई उठल्या. मला वाटलं आता बोलणी बसतील. त्या म्हणाल्या, ‘पोरी, आमाले विचारलं असतं तं एका शब्दात सांगितलं असतं.’ तेव्हा बायका हसल्या आणि मग मीही हसले.

पिवरी लुचईला वाफा मिळाला. आबाजी आले होते. गाडगं मांडीवर घेऊन बसले होते, फडकं सोडलं नव्हतं. नाव पुकारलं तेव्हा उठून गाडगं पंचफुलाबाईंच्या हातात दिलं आणि पुन्हा येऊन बसले.

सरांनी मला ठेवलं आहे. अट एकच, पुढच्या हंगामात वह्या येण्याची वाट पाहायची नाही, मोजणीला स्वतः जाऊन बसायचं. ही अट नसती तरी मी गेले असते.

तुम्ही रागावलात का? मी तुम्हाला दोष देण्यासाठी विचारलं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, की माणूस असं विसरतो कसं. मीही कधी काही विसरेन, म्हणून.

तुमची,
तृप्ती


पुणे
२० फेब्रुवारी २०२५
पत्र क्र. लाभ

तीर्थरूप बाबांस,
सविनय जय भीम.

तृप्तीला मी चार पत्रं लिहिली, प्रत्येकावर क्रमांक टाकून. तुम्हाला पुण्याला आल्यापासून तेवीस वर्षांत एकही लिहिलं नाही. फोन आहे ना, असं म्हणत राहिलो.

तिने मला एक प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर तिच्याआधी तुम्हाला द्यायला हवं. तिने जानेवारीत पत्रात ‘लाभ’ हा शब्द लिहून पाठवला होता. मी ते पत्र वाचलंच नाही. ऑफिसात घाई होती. पत्राचा फोटो काढला, एआयमध्ये टाकला, आलेलं उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरवलं आणि खाली माझं नाव लिहिलं. तिला मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो की आधी आपला अंदाज, मग यंत्र. मी अजून हातानेच लिहितो, असंही लिहिलं होतं. ते खोटं आहे. वर्ष झालं, मी एकही क्वेरी स्वतः लिहिलेली नाही. यंत्र लिहितं, मी सही करतो. तिच्यासाठी अभ्यास काढायला बसायचो तेवढंच माझ्या हातून व्हायचं, आणि ते मला फार आवडायचं.

यंत्राला मी दोष देत नाही. त्याला खळं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुमचं धान मी वगळायला लावलं, बाबा. त्यानंतर तुम्ही फोन उचलेनासे झालात आणि मला वाटत होतं की दिवाळीचाच राग आहे.

एक आठवण सांगतो, तुम्हालाही असेल. मी सात वर्षांचा असेन. तुम्ही पायली भरत होता आणि मी मापं म्हणत होतो. शाळेत नुकतेच आकडे शिकलो होतो, म्हणून पहिल्या पायलीला मोठ्याने ‘एक’ म्हणालो. तुम्ही रागावला नाहीत. भरलेली पायली परत राशीत ओतलीत, पुन्हा भरलीत आणि मी ‘लाभ’ म्हणेपर्यंत माझ्याकडे बघत थांबलात. इतकी वर्षं हे कुठे गेलं होतं ते मला कळत नाही. तृप्तीचं पत्र आल्यापासून मात्र त्या ओतलेल्या धानाचा आवाज कानातून जात नाही.

पावसाळ्यात रोवणीला येतो आहे. सुट्टीचा अर्ज दिला आहे. रोपांसाठी लुचईचे पऱ्हे टाकाल तेव्हा जागेश्वरला सांगून कळवा. बोडीखालची बांधी मी लावतो. कंबर धरेल, लोक हसतील, चालेल.

हे तुम्हाला माझं पहिलंच पत्र, म्हणून वर एक लिहिलं नाही. पुढच्यावर दोन लिहीन.

तुमचा,
अश्वजित